गूगल ॲड्सचं लोकेशन टार्गेटिंग: एक तारा डिफॉल्टपायी गेला, अर्धा रिपोर्टपायी

नवीन जाहिराती लावण्यापेक्षा दुसऱ्यांनी लावलेल्या जाहिराती दुरुस्त करणं हेच माझं जास्त काम. छोट्या व्यवसायांची अकाउंट्स माझ्याकडे येतात ती बहुतेक एकाच तक्रारीसह: "मॅडम, जाहिरात आमच्या शहरापुरतीच लावलीय, मग फोन भलतीकडून का येतात?" त्यामुळे गूगल ॲड्समधला लोकेशनचा भाग, म्हणजे जाहिरात कुठल्या ठिकाणच्या लोकांना दाखवायची ते ठरवण्याची सोय, मी जितक्यांदा उघडते तितका दुसरा कुठलाच नाही. हे परीक्षण फक्त त्या एका सुविधेचं आहे, अख्ख्या गूगल ॲड्सचं नाही. पाचापैकी साडेतीन तारे. ज्याला पैसे जाहिरातीवर घालायचे आहेत, अंदाजावर नाही, त्याने हे वापरावंच. पण उघडून जसं समोर येतं तसं वापरू नये.

आधी चांगलं सांगते, कारण चांगलं पुष्कळ आहे. देश, राज्य, शहर, पोस्टल कोड, एखाद्या ठिकाणाभोवतीचं वर्तुळ, यातलं काहीही निवडता येतं आणि एकाच कॅम्पेनमध्ये (एकाच बजेट आणि सेटिंगखालच्या जाहिरातींच्या संचात) एकत्र करता येतं. शाखा भरपूर असतील तर एका फटक्यात हजार ठिकाणांची यादी चिकटवता येते. एकाच नावाची गावं दोन देशांत असली की यादी चिकटवताना घोळ होतो, त्यावरही इलाज आहे. प्रत्येक ठिकाणाला गूगलने एक क्रमांक दिलाय, तो वापरला की गोंधळाचा प्रश्नच उरत नाही. देशांचे क्रमांक तर लक्षात राहण्यासारखे आहेत: आंतरराष्ट्रीय प्रमाण क्रमांकात दोन हजार मिळवायचे. अमेरिका 840, म्हणून 2840. ब्रिटन 826, म्हणून 2826. असल्या बारीकसारीक गोष्टी कुणीतरी मन लावून केल्यात हे दिसतं.

माणूस कुठे आहे हे ओळखण्याचं कामही बऱ्यापैकी होतं. एकट्या आयपी पत्त्यावर, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या क्रमांकावर, भिस्त नसते. फोनवर परवानगी असेल तर जीपीएस, आसपासचे वाय-फाय, ब्लूटूथ, मोबाइल टॉवर, असं सगळं जमेस धरलं जातं. परवानगी नसेल तर अंदाज ढोबळ होतो, आणि हल्ली परवानगी देणारे सावध झालेत. ॲपलने 2020 साली आयओएस 14 मध्ये अचूक लोकेशन बंद ठेवण्याची सोय दिली, पुढच्या वर्षी अँड्रॉइड 12 मध्येही तशी सोय आली. हा दोष टार्गेटिंगचा नाही, पण परिणाम त्यावर होतो, म्हणून डोक्यात ठेवायचा.

आता मेख. कॅम्पेन बनवताना ठिकाणांच्या खोक्यात तुम्ही शहराचं नाव टाइप करता, नकाशावर शहर निळं होतं, तुम्ही समाधानाने पुढे जाता. त्याच खोक्याखाली बारीक अक्षरात 'लोकेशन ऑप्शन्स' अशी एक ओळ असते, मिटलेली. ती उघडली तर आत दोन पर्याय दिसतात. पहिला 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट': जे त्या ठिकाणी आहेत, नेहमी तिथे असतात, किंवा ज्यांनी त्या ठिकाणात रस दाखवलाय ते सगळे. दुसरा 'प्रेझेन्स': जे तिथे आहेत किंवा नेहमी असतात तेवढेच. टिक आधीपासून पहिल्यावर असते आणि शेजारी 'शिफारस केलेला' असंही लिहिलेलं असतं.

म्हणजे तुम्ही नकाशावर शहर निळं केलंत तेव्हा तुमच्या मनात होतं, 'या शहरातल्या लोकांना दाखवा.' सिस्टिमने ऐकलं, 'या शहराशी ज्यांचा काही ना काही संबंध आहे त्या सगळ्यांना दाखवा, मग ते जगात कुठेही बसलेले असोत.' शहराचं नाव घालून सर्च केलं, नकाशावर ते शहर चाळलं, पूर्वी त्या शहराबद्दल काही शोधलं, एवढा संबंध पुरतो. डिस्प्लेच्या, म्हणजे इतर वेबसाइट्सवर दिसणाऱ्या, जाहिरातींत तर माणूस जे पान वाचतोय ते कुठल्या ठिकाणाबद्दल आहे हेही धरलं जातं. ही काही लपवाछपवी नाही. मदतीच्या पानांवर सगळं स्पष्ट लिहिलेलं आहे. पण मिटलेल्या ओळीआड अशी सेटिंग ठेवायची, की जिच्यावर अर्धं बजेट अवलंबून असू शकतं, आणि तिचा सैल पर्याय आधीच निवडून ठेवायचा, याला मी तारा कापणारच. शिवाय हे कॅम्पेनगणिक आहे. जुनी सगळी कॅम्पेन्स दुरुस्त करा, उद्या नवं बनवलं की टिक पुन्हा पहिल्यावर. परफॉर्मन्स मॅक्स या कॅम्पेनच्या प्रकारातही तेच, आणि तिथे यूट्यूब, जीमेल, नकाशे असं सगळीकडे जाहिरात फिरत असल्याने रस दाखवणाऱ्यांचा गोतावळा आणखी मोठा.

एक अकाउंट जरा जवळून दाखवते. फिजिओथेरपीचं क्लिनिक. पेशंटने स्वतः येऊन टेबलावर झोपल्याशिवाय ज्यांचा धंदा होत नाही, असा व्यवसाय. त्यांच्या आधीच्या एजन्सीने बाहेरचे फोन थांबवण्यासाठी वगळायच्या ठिकाणांची यादी केली होती, आणि ती यादी बघून मला घाम फुटला. लांबलचक. ज्या शहरातून फोन आला ते शहर वगळायचं, पुढच्या आठवड्यात दुसरीकडून फोन आला की तेही वगळायचं. साप साप म्हणून भुई धोपटायची. मूळ टिक मात्र 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट'वरच. जग मोठं आहे, यादी संपणार कशी? वगळलेली शहरं खरोखर थांबत होती, पण न वगळलेलं उरलेलं सगळं जग उघडंच होतं.

त्याहून मजेची गोष्ट रिपोर्टची. एजन्सीने मालकांना दर महिन्याला 'मॅच्ड लोकेशन्स'चा तक्ता पाठवला होता, आणि त्यात क्लिनिकचं शहर सोडून काहीही नव्हतं. एकदम स्वच्छ. मालक म्हणत, रिपोर्ट सांगतो सगळे इथलेच, फोन सांगतो तिथले, मी विश्वास कुणावर ठेवू? दोन्हींवर. कारण हा तक्ता माणूस कुठल्या ठिकाणाच्या हिशेबात बसला ते सांगतो, तो कुठे बसलाय ते नाही. दूरच्या माणसाने तुमच्या शहराचं नाव घेऊन शोधलं तर त्याची नोंद तुमच्या शहराखाली होऊ शकते. माणूस प्रत्यक्ष कुठे होता ते बघायचं तर रिपोर्ट एडिटरमध्ये जावं लागतं. तिथे शहराचे दोन वेगळे रकाने आहेत, एक 'मॅच्ड' आणि एक 'युजर लोकेशन'. दुसरा ओढून तक्त्यात टाकला आणि मालकांच्या स्क्रीनवरच दाखवला. वरच्या ओळीत त्यांचं शहर, आणि खाली शेपूट. एकेका ठिकाणाचे दोन-चार क्लिक, कुठलंच इतकं मोठं नाही की डोळ्यांत भरावं, पण खालपर्यंत सरकवत गेलं की बेरीज बघून खुर्चीत सरळ बसावं लागतं. रिपोर्टपायी अर्धा तारा गेला तो यासाठी. माहिती आहे, खरी आहे, पण जी आधी दिसायला हवी ती दोन दारं ओलांडून आत ठेवलीय.

दुरुस्ती म्हणजे एक टिक दुसऱ्या पर्यायावर. कॅम्पेन्स जास्त असतील तर गूगल ॲड्स एडिटर हे त्यांचं संगणकावरचं फुकट सॉफ्टवेअर घ्यावं. त्यात सगळी कॅम्पेन्स एकदम निवडून 'टार्गेटिंग मेथड' हा एकच रकाना बदलता येतो. मी अकाउंट ताब्यात घेतलं की पहिलं काम हेच. आणि दुसरं, लगेच, मालकांना सांगणं की उद्यापासून इम्प्रेशन (जाहिरात किती वेळा दिसली तो आकडा) खाली येतील, क्लिकही खाली येतील, घाबरू नका. हे आधी न सांगता बदल केला की तिसऱ्या दिवशी फोन येतो: "तुम्ही जाहिरात बंद पाडलीत का?" आकडा खाली गेला म्हणजे काहीतरी बिघडलं, ही समजूत मोठी चिवट. क्लिनिकच्या बाबतीत खाली गेले ते क्लिक कुणाचे होते, हे त्यांनी वरच्या तक्त्यात आधीच पाहिलेलं होतं, म्हणून निभावलं.

'प्रेझेन्स' लावल्यावरही बाहेरचा एकही माणूस येणार नाही असं कुणी सांगत असेल तर त्याचं ऐकू नका. 'नेहमी तिथे असतात' हे शब्द त्या पर्यायातही आहेत. रोज कामाला तुमच्या शहरात येणारा माणूस रात्री शेजारच्या गावी घरी बसून शोधत असेल, तर तो चालतो. आणि चालायलाच हवा, तो उद्या सकाळी तुमच्या दारावरूनच जाणार आहे. व्हीपीएन लावून, म्हणजे आपलं ठिकाण झाकून, बसलेल्यांचं तर कुणाच्याच हातात नाही.

आणि सैल पर्याय हा खलनायक नाही, हेही लिहायला हवं. नाहीतर हे वाचून उद्या कुणीतरी हॉटेलच्या कॅम्पेनवर 'प्रेझेन्स' लावून बसेल आणि बुकिंग आटलं की माझ्या नावाने बोटं मोडेल. हॉटेल, लग्नाचे हॉल, वसतिगृह असलेलं कॉलेज, जमीन-घरांचे व्यवहार: इथे गिऱ्हाईक बाहेरचंच असतं. त्याने शहराचं नाव घेऊन शोधलं हीच त्याची ओळख. उलट इथे एक छान युक्ती करता येते. टार्गेटमध्ये शहर ठेवायचं, 'प्रेझेन्स ऑर इंटरेस्ट' चालू ठेवायचं, आणि शहराच्या मधल्या भागातले पोस्टल कोड वगळायचे. वगळताना माणूस प्रत्यक्ष कुठे आहे हे बघितलं जातं, त्यामुळे तिथे घर असलेले, ज्यांना हॉटेलची खोली सहसा लागत नाही, ते बाजूला होतात, आणि बाहेरून यायचा बेत करणारे राहतात. आधीच शहरात येऊन पोचलेला आणि रात्री खोली शोधणारा प्रवासी मात्र यात सुटतो. त्याच्यासाठी वेगळं छोटं कॅम्पेन, 'प्रेझेन्स'वर, फोनपुरतं. एकाच हॉटेलला दोन उलट सेटिंग्ज, आणि दोन्ही बरोबर.

वर्तुळाबद्दल माझं मत जरा कडवट आहे. ठिकाण टाका, किलोमीटर टाका, गोल निघतो, दिसायला फार गोजिरवाणा. पण गोल हवाई अंतराने काढलेला असतो आणि माणसं रस्त्याने येतात. मध्ये नदी आली, पूल लांब असला, की पलीकडच्या काठावरची वस्ती गोलात बसते पण प्रत्यक्षात तासाभराच्या अंतरावर. घरी येऊन दुरुस्ती करणाऱ्यांना हे फार भोवतं. फोन येतो, तंत्रज्ञ जातो, येण्याजाण्यात अर्धा दिवस जातो. अशा वेळी मी गोल सोडून देते आणि भागांची नावं किंवा पोस्टल कोड एकेक करून निवडते. वेळ लागतो, तंत्रज्ञांनाच विचारावं लागतं की कुठे जायला परवडतं, पण ती यादी एकदा झाली की टिकते. गोल ठेवायचाच असेल तर पलीकडचे भाग नावाने वगळावेत. आणि फारच छोटा गोल काढू नका. फोनने अचूक ठिकाण सांगितलंच नसेल तर माणूस गोलात आहे की बाहेर हे सिस्टिमलाही कळत नाही, मग जाहिरात दिसतच नाही. नकाशावर 'लिमिटेड रीच' अशी सूचना आली तर ती गांभीर्याने घ्यावी.

बिड (क्लिकसाठी लावायची बोली) कमीजास्त करण्याच्या सोयीबद्दल एवढंच: अमुक भागासाठी बोली 90 टक्क्यांपर्यंत कमी किंवा 900 टक्क्यांपर्यंत जास्त करता येते, ऐकायला भारी वाटतं, पण कॅम्पेन स्मार्ट बिडिंगवर असेल, म्हणजे बोली गूगलच आपोआप ठरवत असेल, तर हे आकडे विचारातच घेतले जात नाहीत. अनेक अकाउंट्समध्ये हे आकडे मोठ्या निगुतीने भरलेले दिसतात आणि काहीही करत नसतात. कमी बोलीचा भाग खरोखर वेगळा चालवायचा असेल तर त्याचं वेगळं कॅम्पेन करा. सर्चमध्ये ठिकाण सहसा कॅम्पेनच्या पातळीवर ठरतं, ॲड ग्रुपच्या (कॅम्पेनमधल्या छोट्या गटाच्या) नाही, तेव्हा तोच सरळ मार्ग.

सगळ्यात जास्त वाद मात्र होतात ते ॲनालिटिक्सवरून, म्हणजे वेबसाइटवर कोण कुठून आलं ते मोजणाऱ्या साधनावरून. गूगल ॲड्स म्हणतं क्लिक तुमच्या छोट्या शहरातून आले, गूगल ॲनालिटिक्स म्हणतं दूरच्या महानगरातून आले. दोन्ही एकाच कंपनीची, मग खोटं कोण? कुणीच नाही. ॲनालिटिक्स ठिकाण ठरवतं आयपी पत्त्यावरून. मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांची रहदारी एखाद्या मोठ्या केंद्रातून बाहेर काढतात, त्यामुळे गावातला माणूस कागदावर महानगरातला होऊन बसतो. आयफोनवर 2021 पासून मिळणारी प्रायव्हेट रिले ही सोय चालू असेल तर सफारीतून येणाऱ्याचा खरा आयपी पुढे पोचतच नाही, आणि त्याने तसं ठरवलं तर फक्त देश आणि टाइम झोन एवढंच कळतं. जाहिरातीच्या बाजूला फोनचे इतर संकेतही हाताशी असतात. मी असं बघितलंय की ॲनालिटिक्समध्ये महानगर दिसलं म्हणून कुणीतरी ते महानगर घाईघाईने वगळतं. ते करू नये. ॲड्सकडे संकेत अपुरे असतील तेव्हा तेही आयपीवरच जातं, आणि मग तुमचाच गाववाला महानगराच्या खात्यावर वगळला जातो. आधी युजर लोकेशनचा तक्ता बघा, मग फोन आणि फॉर्म बघा. फॉर्ममध्ये 'तुमचा भाग' किंवा पोस्टल कोड हा रकाना सक्तीचा केला की खरं-खोटं आपोआप बाहेर येतं. यासारखा स्वस्त पुरावा दुसरा नाही. जाहिरातीच्या मथळ्यात शहराचं नाव घातलं तर भलतीकडचा माणूस क्लिक करण्याआधीच निघून जातो, तो फायदा वेगळा.

इतरांशी तुलना थोडक्यात. मायक्रोसॉफ्टच्या जाहिरातींतही 'तिथे असलेले' आणि 'तिथे असलेले किंवा त्या ठिकाणाबद्दल शोधणारे' असा फरक आहे, वळण ओळखीचं, त्यामुळे एक शिकलं की दुसरं येतं. मेटाने (फेसबुक, इन्स्टाग्रामच्या कंपनीने) मात्र 2023 मध्ये पर्यायच काढून टाकले. पूर्वी तिथे फक्त रहिवासी, फक्त प्रवासी असं निवडता यायचं. आता राहणारे आणि नुकतेच येऊन गेलेले असा एकच गट मिळतो. पर्यटकांवर चालणाऱ्या व्यवसायांना ते अडचणीचं झालं आणि रहिवाशांवर चालणाऱ्यांनाही. गूगलचं डिफॉल्ट मला कितीही खटकलं तरी निदान निवड हातात आहे, म्हणून तीनच्या वर तारे.

वापरायला सुरुवात करणाऱ्यांसाठी अजून एक. जाहिरात दिसते का हे बघायला स्वतःच्या फोनवर पुन्हा पुन्हा शोधू नका. दिसली तर इम्प्रेशन वाया, क्लिक केलं तर पैसे वाया, आणि तुम्ही दर वेळी क्लिक न करता पुढे गेलात तर ती तुम्हाला दिसायचीच कमी होऊ शकते. मग तुम्ही म्हणणार टार्गेटिंग बिघडलं. अकाउंटमध्येच 'ॲड प्रिव्ह्यू अँड डायग्नोसिस' नावाचं साधन आहे. त्यात ठिकाण, भाषा आणि उपकरण निवडायचं, शब्द टाकायचा. जाहिरात दिसते की नाही, आणि दिसत नसेल तर का नाही, हे इम्प्रेशन न मोजता सांगतं. ठिकाण मुद्दाम दूरचं टाकून बघा. तिथे तुमची जाहिरात हिरव्या खुणेसह झळकली तर वरच्या मिटलेल्या ओळीकडे परत जा. क्लिनिकच्या मालकांना मी हेच शिकवलं, आणि आता ते दर सोमवारी कुठलं तरी अनोळखी शहर टाकून बघतात, आणि स्क्रीनशॉट मला पाठवतात.